टॅटू मेकअपने कसा झाकायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न, इंटरव्ह्यू, शूट, स्टेजवरचा रोल, कारण कुठलंही असो, टॅटू एका दिवसापुरता झाकायचा असला की लोक साधारण हेच प्रश्न घेऊन येतात. मी मेकअप करते आणि माझ्या स्वतःच्या हातावर काळा टॅटू आहे, त्यामुळे यातलं बरंचसं आधी स्वतःच्या हातावर शिकलेय. सगळं एकदाच नीट लिहून ठेवते म्हणजे ऐन वेळी कुणाची धावपळ नको.

प्र. टॅटू खरंच पूर्ण झाकला जातो का, की नुसता फिका होतो?

पूर्ण झाकला जातो, अगदी काळाकुट्ट आणि मोठा असला तरी. २०११ मध्ये डर्माब्लेंड या मेकअप ब्रँडने एक व्हिडिओ काढला होता, त्यात रिक जेनेस्ट हा मॉडेल होता ज्याच्या डोक्यापासून अंगभर कवटी आणि सांगाड्याचे टॅटू होते, आणि व्हिडिओच्या सुरुवातीला तो एकदम कोऱ्या त्वचेचा माणूस म्हणून समोर येतो, मग स्वतःच मेकअप पुसायला लागतो आणि खालचा टॅटू दिसायला लागतो. बघणाऱ्याला आधी काहीच कळत नाही. अर्थात ते एका अख्ख्या टीमने केलेलं काम होतं, घरी एकट्याने पहिल्याच दिवशी तसं जमणार नाही. घरी नीट केलं तर हातभर अंतरावरून कुणालाही कळत नाही, अगदी नाक लावून बघितलं तर इथे मेकअप आहे एवढं कळू शकतं, पण डिझाईन काय आहे ते नाही. हे टार्गेट ठेवा, म्हणजे निराश व्हायला होत नाही.

प्र. मी चेहऱ्याचा कन्सीलर (डाग झाकायचं क्रीम) टॅटूवर लावला तर तो राखाडी दिसायला लागला, माझं काय चुकलं?

ही चूक सगळेच करतात, मीही केलीय. एका फंक्शनच्या दिवशी माझ्या हातावरच्या टॅटूवर मी थेट माझ्या शेडचा कन्सीलर लावला, राखाडी दिसला म्हणून अजून लावला, मग अजून, आणि तासाभराने हातावर एक जाड निळसर राखाडी चट्टा होता जो मूळ टॅटूपेक्षा जास्त उठून दिसत होता. शेवटी सगळं धुतलं आणि फुल बाह्यांचा ड्रेस घातला.

असं का होतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. टॅटूची शाई त्वचेच्या वरच्या थरात नसते, ती खालच्या थरात म्हणजे डर्मिसमध्ये असते, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल. आपण तिच्याकडे वरच्या त्वचेतून बघत असतो. त्वचेत शिरलेल्या उजेडातला निळा भाग लवकर विखरून परत येतो आणि लाल भाग खोल जाऊन शाईत शोषला जातो, म्हणून काळी शाई सुद्धा निळसर हिरवट दिसते, शिरा निळ्या दिसतात त्यातही हाच प्रकार असतो. जुने टॅटू, हाताने गोंदलेले असोत की मशीनचे, आणखी हिरवट निळे दिसतात. आता त्या निळसर काळ्यावर तुम्ही फिक्या रंगाचा पातळ थर दिला की काळं थोडंसं खालून डोकावत राहतं आणि दोन्ही मिळून राखाडी होतं. कन्सीलर वाईट नव्हता, त्याच्याखाली एक रंग असायला हवा होता, तो राहिला.

प्र. मग खाली कुठला रंग लावायचा?

जो रंग लपवायचा त्याच्या विरुद्ध रंग. निळ्याच्या विरुद्ध नारिंगी, हिरव्याच्या विरुद्ध लाल, जांभळ्याच्या विरुद्ध पिवळा. दोन विरुद्ध रंग एकमेकांवर आले की दोघांचाही ठसठशीतपणा जातो आणि मातकट, तपकिरीकडे झुकणारा रंग उरतो, आणि तपकिरी झाकायला त्वचेच्या रंगाला काहीच कष्ट पडत नाहीत. सगळा खेळ इथेच आहे.

बहुतेक टॅटू काळे म्हणजे निळसर दिसणारे असतात, म्हणून नारिंगी कुटुंबातलाच करेक्टर म्हणजे खाली लावायचा रंग लागतो, पण कुठला नारिंगी ते तुमच्या त्वचेवर ठरतं. गोऱ्या त्वचेला पीच किंवा सामन म्हणजे गुलाबीसर नारिंगी पुरतो, गव्हाळ त्वचेला गडद पीच ते ऑरेंज, आणि सावळ्या किंवा काळ्या त्वचेला सरळ ऑरेंज किंवा लालसर ऑरेंज. इथे खूप जण फसतात, कारण व्हिडिओमध्ये गोऱ्या हातावर पीच लावलेला बघतात आणि सावळ्या हातावर तोच लावतात, मग तो राखेसारखा पांढुरका दिसतो. सावळ्या त्वचेवर पीच हा करेक्टर राहातच नाही, तो नुसता एक फिका डाग होतो. उलट गोऱ्या हातावर गडद ऑरेंज लावला तर तो वरच्या कन्सीलरमधून डोकावत राहतो आणि मग तो ऑरेंज झाकायचं नवीन काम निघतं.

प्र. माझा टॅटू रंगीत आहे, लाल फुलं आणि हिरवी पानं. प्रत्येक रंगाला वेगळा करेक्टर लावू का?

आधी बघा की गरज आहे का. लाल, पिवळा, गुलाबी हे रंग बऱ्याचदा नुसत्या चांगल्या हेवी कव्हरेज क्रीमनेच झाकले जातात. लाल फारच भडक असेल तर त्यावर हिरवा करेक्टर अगदी नावाला, बोटाच्या टोकाने. हिरवा जरा जास्त झाला की त्वचा आजारी दिसते. हिरव्या पानांवर लालसर ऑरेंज चालतो. सगळ्यात हट्टी असते ती काळी आउटलाईन, तिच्यावरच सगळा वेळ द्या, छोट्या ब्रशने फक्त रेघेवर करेक्टर टिपा आणि मधला रंग वरच्या क्रीमवर सोडून द्या.

प्र. ऑरेंज करेक्टर नाहीये, लाल लिपस्टिक लावतात ना?

लावतात, आणि अडीअडचणीला चालते. तत्त्व तेच आहे. फक्त लिपस्टिकमध्ये मेण आणि तेल जास्त असतं त्यामुळे वरचा थर घसरतो, आणि लाँग स्टे लिपस्टिक असेल तर नंतर त्वचेवर लाल डाग राहतो. लावायचीच असेल तर मॅट, लालसर ऑरेंज शेडची घ्या, अगदी पातळ लावा, टिश्यूने दाबून जास्तीची काढा, पावडर मारा, मग पुढे जा. चार तासांच्या कार्यक्रमाला ठीक आहे, दिवसभराच्या शूटला नाही.

प्र. नेमकं सामान काय काय लागतं?

करेक्टर, तुमच्या त्या भागाच्या रंगाचं हेवी कव्हरेज क्रीम किंवा कन्सीलर, ट्रान्सलुसंट म्हणजे स्वतःचा रंग न दिसणारी सेटिंग पावडर, सेटिंग स्प्रे, आणि लावायला दाट केसांचा छोटा ब्रश, एक ब्यूटी ब्लेंडर म्हणजे मेकअपचा मऊ स्पंज, आणि मिळाला तर स्टिपल स्पंज म्हणजे तो जाळीदार खरखरीत स्पंज. प्रायमर असला तर बरं, नसला तरी अडत नाही. पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर मी म्हणेन करेक्टर आणि पावडर. ब्रश कुठलाही चालतो.

प्र. चेहऱ्याचं फाउंडेशन हातावर चालेल का?

रोजच्या वापराचं लिक्विड फाउंडेशन यासाठी खूप पातळ पडतं, त्यात रंगद्रव्य कमी असतं, ते त्वचा एकसारखी दिसावी म्हणून बनवलेलं असतं, काही गाडायला नाही. घट्ट क्रीम, स्टिक किंवा कॅमोफ्लाज म्हणून मिळणारी क्रीम घ्या.

दुसरं म्हणजे शेड. चेहरा, हाताची बाहेरची बाजू, आतली बाजू, पाठ, पाय, सगळ्यांचे रंग वेगळे असतात. हाताच्या आतल्या बाजूला ऊन कमी लागतं म्हणून ती फिकी असते आणि तिथल्या टॅटूवर चेहऱ्याची शेड बहुतेक वेळा गडद दिसते. म्हणून शेड टॅटूच्या शेजारच्या कोऱ्या त्वचेवरच बघायची, खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. लावून १० ते १५ मिनिटं थांबा, कारण बरीचशी फाउंडेशन वाळल्यावर थोडी गडद होतात, याला ऑक्सिडाइज होणं म्हणतात. एक शेड तंतोतंत जुळत नाही हे नॉर्मल आहे, दोन शेड घेऊन तळहाताच्या मागे मिसळा. मी तरी कधी एकाच डबीतून काम केलेलं आठवत नाही.

प्र. पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं करायचं ते सांगा ना.

सांगते, पण आधी एक गोष्ट. टॅटू जाडीने झाकला जात नाही. तो रंगाने झाकला जातो आणि मध्ये मध्ये थांबल्याने टिकतो. जे जे फसलेले हात मी बघितलेत त्यात नव्वद टक्के वेळा क्रीम स्वस्त होती म्हणून नाही, तर माणूस थांबला नाही म्हणून फसलेलं.

आदल्या दिवशी त्या भागावरचे केस काढायचे असतील तर काढून घ्या आणि ओल्या मऊ कपड्याने हलक्या हाताने मृत त्वचा काढा. त्याच दिवशी शेव्ह केलं तर त्वचा चुरचुरते आणि मेकअप टिपक्या टिपक्यांसारखा बसतो. लावायच्या वेळी भाग साबणाने धुवा, पूर्ण कोरडा करा, त्वचा कोरडी असेल तर बिनतेलकट मॉइश्चरायझर अगदी थोडं लावा आणि १० मिनिटं जिरू द्या. तेलकट लोशन किंवा बॉडी बटर त्या दिवशी त्या जागी नकोच, त्यावर काहीही टिकत नाही.

आता करेक्टर. थोडासा तळहाताच्या मागे घ्या, बोटाने किंवा हाताच्या उष्णतेने जरा मऊ करा आणि फक्त टॅटूच्या शाईवर थोपटत लावा. चोळायचं नाही, पुसल्यासारखं ओढायचं नाही. ओढलं की खालचा थर उचलला जातो, थोपटलं की बसतो. टॅटूच्या बाहेर कोऱ्या त्वचेवर करेक्टर जाऊ देऊ नका, नाहीतर टॅटूभोवती ऑरेंज वलय दिसतं. या स्टेजला टॅटू गायब व्हायला पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नका, तो विटकरी तपकिरी धुरकट दिसायला लागला की काम झालं. मग पावडर पफने दाबून लावा, दोन तीन मिनिटं थांबा, जास्तीची झटका.

त्यावर तुमच्या रंगाची क्रीम, पातळ थर, परत थोपटत, आणि या वेळी टॅटूच्या कडेबाहेर साधारण २ सेंटीमीटर जा आणि कडा स्पंजने विरवा. कडा विरल्या नाहीत तर लांबूनही चौकोनी पट्टी चिकटवल्यासारखं दिसतं. परत पावडर, या वेळी जरा भरपूर, आणि ५ ते १० मिनिटं तशीच ठेवा. मोठ्या ब्रशने झटकून टाका. आता बघा. बहुतेकांचा टॅटू अजून सावलीसारखा दिसत असेल, घाबरू नका, जिथे दिसतोय फक्त तिथे दुसरा पातळ थर आणि परत पावडर. दोन थरात होतं, कधी तीन लागतात. चौथ्या थराची वेळ आली तर समजा करेक्टरचा रंग चुकलाय, धुवा आणि पहिल्यापासून करा, त्यावर अजून क्रीम थापून काही सुधारत नाही. शेवटी सेटिंग स्प्रे हातभर अंतरावरून, वाळू द्या, आणि निदान १० मिनिटं तिथे कपडा लागू देऊ नका.

तळहाताएवढ्या टॅटूला मला हे सगळं थांबण्यासकट ४० मिनिटं लागतात. पहिल्यांदा करताना तास धरून चाला.

प्र. रंग जुळला, टॅटू दिसत नाही, तरी तिथे काहीतरी लावलंय हे कळतंच. का?

कारण खरी त्वचा एका रंगाची नसते. हाताकडे नीट बघा, बारीक तीळ, लालसर ठिपके, शिरेची निळसर छटा, केसांच्या मुळांचे बिंदू, हे सगळं असतं आणि आपण ते सगळं एका सपाट रंगाखाली पुरून टाकलेलं असतं. डोळ्याला तो सपाटपणा लगेच खटकतो. यावर उपाय म्हणजे ते थोडं परत आणायचं. स्टिपल स्पंज तुमच्या त्वचेपेक्षा एक शेड गडद क्रीममध्ये टेकवा, आधी टिश्यूवर टेकवून जवळजवळ कोरडा करा आणि मग झाकलेल्या भागावर इकडे तिकडे दोन चार वेळा टेकवा. लालसर तपकिरी रंगाचे अगदी पुसट ठिपके सुद्धा चालतात. ज्यांच्या अंगावर तीळ असतात त्यांना मी एक दोन तीळ आयब्रो पेन्सिलने काढून देते आणि मग तो हात एकदम हात वाटायला लागतो. हा भाग करताना मला अजूनही दरवेळी तेवढाच आनंद होतो.

प्र. गेल्या आठवड्यात टॅटू काढलाय आणि या रविवारी लग्न आहे, मेकअप लावू का?

नाही, प्लीज लावू नका. नवीन टॅटू ही उघडी जखम असते. वरची त्वचा भरून यायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात आणि खालची पूर्ण बरी व्हायला त्याहून जास्त, काही महिनेही. खपल्या, पोपडे, ओलसरपणा, चकाकणारी ताणलेली त्वचा यातलं काहीही असेपर्यंत मेकअप नको. वापरलेले ब्रश, डबीतली क्रीम, पावडर हे सगळं जंतूंसकट जखमेत जाईल, इन्फेक्शन होऊ शकतं, आणि नंतर काढताना जी घासाघीस होते तिने खपल्या निघून टॅटूच ठिकठिकाणी उडतो. रविवारी सैल, मऊ बाहीचे कपडे घाला. आणि पुढच्या वेळी तारीख माहीत असेल तर टॅटू त्याच्या निदान दोन महिने आधी काढा.

प्र. माझा टॅटू हाताला उंचवट्यासारखा लागतो. तोही झाकला जाईल का?

रंग झाकला जाईल, उंचवटा नाही. उजेड समोरून असेल तर कळत नाही, बाजूने असेल तर सावली पडते आणि रेघा दिसतात. अशा ठिकाणी सगळं मॅट ठेवा, चकाकी असलेलं काहीच नको, आणि फोटोग्राफरला लाईट बाजूने लावू नका म्हणून आधीच सांगा. आधी सपाट असलेला टॅटू अचानक उठला असेल, खाजत असेल, सुजला असेल तर मेकअप बाजूला ठेवा आणि आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जा. टॅटूच्या रंगांमध्ये ॲलर्जीची रिॲक्शन सगळ्यात जास्त लाल शाईला येते आणि ती कित्येक वर्षांनीही येऊ शकते.

प्र. घामात टिकेल का? पाण्यात?

नीट पावडर दाबलेला मेकअप घामाला बऱ्यापैकी तोंड देतो, घाम आला तर पुसू नका, टिश्यू ठेवून टिपा. वॉटरप्रूफ क्रीम पाण्याच्या शिंतोड्यांना, हलक्या पावसालाही टिकते. पण वॉटरप्रूफ म्हणजे घासप्रूफ नाही! मेकअप पाण्याने जातो त्यापेक्षा कितीतरी जास्त घर्षणाने जातो, घड्याळाचा पट्टा, पर्सचा बंद, टेबलाची कड, खुर्चीचा हात, दुसऱ्या हाताची सवय. सकाळी ९ ला लावलेला दंडावरचा मेकअप संध्याकाळपर्यंत छान राहतो आणि मनगटावरचा दुपारीच गेलेला असतो. छोटी डबी, पावडर आणि स्पंज बरोबर ठेवाच.

प्र. कपड्याला लागेल का?

लागू शकतो. चांगला सेट केला तर कमी लागतो, पण पांढरा घट्ट कपडा त्या जागेवर घासणार असेल तर मी खात्री देत नाही. कपडे आधी घालून घ्या आणि गळ्यात, बाहीत टिश्यू खोचून मग मेकअप करा, हे सगळ्यात सोपं. डाग पडलाच तर आधी पाणी लावू नका, भांड्यांचं लिक्विड सोप थेट डागावर लावून हलकं चोळा आणि मग धुवा, कारण हा डाग मुळात तेल मेणाचा असतो.

प्र. प्रत्यक्षात छान दिसत होतं, फोटोत तिथे पांढरा पट्टा आला.

फ्लॅशचा प्रकार. सिलिका असलेली पावडर किंवा सनस्क्रीनमधले टायटेनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड हे फ्लॅशचा उजेड परत फेकतात, याला फ्लॅशबॅक म्हणतात. घरून निघायच्या आधी मोबाईलचा फ्लॅश लावून अंधाऱ्या खोलीत एक फोटो काढून बघा, तेवढं पुरतं.

प्र. मान, बोटं, मनगट, पाऊल, सगळीकडे एकच पद्धत का?

पद्धत तीच, निकाल वेगळा. दंड, पाठ, खांदा, पोटरी, या जागा सोप्या. मानेवर वळताना रेघा पडतात म्हणून थर अगदी पातळ ठेवा आणि मान थोडी ताणून लावा. कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत क्रीम गोळा होते. बोटांचं मी खरं तेच सांगते, दर वेळी हात धुतला की जाणार, फोटोपुरतं झाकता येतं, दिवसभरासाठी नाही. मनगटाला रुंद घड्याळ किंवा कडं जास्त भरवशाचं.

प्र. सनस्क्रीन आधी की नंतर?

आधी. लावून १५ ते २० मिनिटं जिरू द्या आणि मग करेक्टर. मेकअपमधल्या एसपीएफवर विसंबू नका. उन्हाने टॅटू फिका पडतो आणि पसरट दिसतो, त्यामुळे तुमचा टॅटू तुम्हाला आवडत असेल तर सनस्क्रीन एरवीही लावाच.

प्र. रात्री काढायचं कसं?

साध्या फेसवॉशने जात नाही आणि मग लोक स्क्रबने घासतात, ते करू नका. क्लिन्झिंग ऑइल किंवा बाम कोरड्या त्वचेवर लावा, मिनिटभर गोल गोल फिरवा, सगळं सुटून चिखलासारखं होतं, मऊ कपड्याने पुसा, मग सौम्य साबणाने धुवा आणि मॉइश्चरायझर लावा. मोठ्या टॅटूला दोनदा करावं लागतं.

प्र. रोज झाकला तर टॅटू खराब होईल का?

शाई डर्मिसमध्ये, मेकअप सगळ्यात वर, दोघांची गाठच पडत नाही. बऱ्या झालेल्या टॅटूला मेकअपने काही होत नाही. त्वचेला मात्र होऊ शकतं, रोजच्या जाड क्रीमने छिद्रं बंद होऊन पुटकुळ्या येतात, विशेषतः पाठीवर आणि दंडावर. नोकरीसाठी रोज झाकावं लागत असेल तर सुट्टीच्या दिवशी तरी त्वचा मोकळी ठेवा आणि ब्रश स्पंज दर आठवड्याला धुवा. तशा नोकरीत रोज सकाळी अर्धा तास यात घालवण्यापेक्षा पातळ फुल बाही जास्त सुखाची, हे मी अशा लोकांना नेहमी सांगते. आणि टॅटूच्या आत एखादा तीळ असेल तर त्याच्यावर अधूनमधून लक्ष ठेवा, रोज झाकलेल्या जागेकडे आपण बघायचंच विसरतो.

प्र. ॲलर्जी होईल का?

कुणाला होईल सांगता येत नाही, म्हणून पॅच टेस्ट. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा आणि २४ ते ४८ तास बघा. लाल झालं, खाज आली तर ते प्रॉडक्ट नको. सुगंध घातलेली क्रीम टाळलेली बरी. कापलेलं, भाजलेलं, एक्झिमा उठलेला असेल तर त्यावर नाहीच.

प्र. टॅटू घालवायला लेझर चालू आहे, मधल्या काळात झाकू शकतो का?

सेशननंतर फोड, खपल्या पूर्ण जाईपर्यंत नाही. त्वचा भरली की डॉक्टरांना विचारून लावा. सेशन साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या अंतराने असतात त्यामुळे मध्ये बराच वेळ मिळतो. सेशनला जाताना मात्र त्या जागी मेकअपचा कणही नको, लेझर रंगद्रव्यावरच काम करतो, त्याला शाईचं आणि क्रीमचं वेगळं कळत नाही आणि त्वचा भाजू शकते. एमआरआयला जातानाही मेकअप काढूनच जा, त्यातल्या रंगात लोहाचे ऑक्साइड असतात.

प्र. शूटिंगवाले काय वापरतात?

बऱ्याचदा अल्कोहोलने विरघळणारे रंग. ते कोरड्या वडीसारख्या पॅलेटमध्ये येतात, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून पातळ करायचे आणि ब्रशने किंवा एअरब्रशने थर द्यायचे. क्षणात वाळतात, घामाने जात नाहीत, कपड्याला लागत नाहीत. पण सवय नसेल तर चुकलेलं दुरुस्त करायला वेळच मिळत नाही, त्वचा कोरडी पडते, आणि काढायला त्यांचंच रिमूव्हर लागतं. अख्ख्या हातभर टॅटू असेल आणि दिवस महत्त्वाचा असेल तर हे काम येणाऱ्या माणसाला बोलवा. काम करताना खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ दिवा, गॅस, काहीही पेटतं नको.

प्र. भरतीच्या मेडिकलला झाकून गेलं तर चालेल का?

नको. तिथे त्वचा जवळून तपासतात, आणि टॅटूपेक्षा लपवलं हे जास्त महागात पडतं. नियम आधी वाचा आणि जे आहे ते सांगा. इंटरव्ह्यूचं वेगळं आहे, तिथे काय दाखवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्र. फक्त एक नाव झाकायचंय, बाकीचा टॅटू राहू दे. जमेल?

जमतं, आणि हा प्रश्न विचारणारे सहसा जरा अवघडूनच विचारतात. अवघडू नका. छोट्या ब्रशने फक्त अक्षरांवर करेक्टर, मग क्रीम, कडा फार न पसरवता. शेजारची डिझाईन धुरकट झाली तर कॉटन बडला मेकअप रिमूव्हर लावून तेवढीच रेघ मोकळी करा. नाव डिझाईनच्या अगदी मध्ये अडकलं असेल तर मोकळी जागा विचित्र दिसते, तेव्हा तिथे लायनरने एखादं पान, एखादी रेघ काढून द्यायची. एक जण दर थोड्या दिवसांनी हे माझ्याकडून करून घ्यायची, शेवटी आम्ही काढलेलं ते पानच तिने टॅटू आर्टिस्टकडून कायमचं काढून घेतलं.

प्र. हे असले हेवी क्रीम आले कुठून, टॅटूसाठीच बनवले का?

नाही. लिडिया ओ'लिअरी नावाच्या बाईंच्या चेहऱ्यावर जन्मापासून मोठा लालसर जांभळा डाग होता, त्यांनी तो झाकायला स्वतः क्रीम तयार केलं आणि १९२८ मध्ये ते कव्हरमार्क या नावाने आणलं. डर्माकोल हे दुसरं हेवी क्रीम १९६० च्या दशकात प्रागच्या बॅरांडोव्ह फिल्म स्टुडिओत कलाकारांसाठी तयार झालं. डर्माब्लेंड १९८१ मध्ये एका त्वचेच्या डॉक्टरने सुरू केलं. म्हणजे जन्मखुणा, भाजल्याचे व्रण, कोड, यांच्यासाठीचं हे काम आहे, टॅटू त्यात नंतर आले. त्यामुळे वर लिहिलेली रंगाची आणि थरांची पद्धत बऱ्या झालेल्या व्रणाला आणि जन्मखुणेलाही तशीच लागू पडते, फक्त करेक्टरचा रंग डाग बघून ठरवा.

प्र. ट्रायल किती दिवस आधी करू?

एक आठवडा आधी, आणि पूर्ण. म्हणजे लावा, तेच कपडे घाला, चार तास घरातली कामं करा, फ्लॅशचा फोटो काढा, मग बघा कुठून गेलंय. शेड चुकली तर दुसरी आणायला वेळ राहतो.

प्र. एवढं सगळं मला जमणार नाही, दुसरं काही?

त्वचेच्या रंगाच्या पातळ चिकटपट्ट्या मिळतात, टॅटूच्या आकारात कापून चिकटवायच्या, कडा गोल कापल्या तर कमी उचकटतात. पोहायला किंवा खेळायला त्याच बऱ्या. अख्ख्या हातासाठी त्वचेच्या रंगाची कॉम्प्रेशन स्लीव्ह आहे. दोन्ही जवळून कळतात, पण दोन मिनिटांत होतं आणि घासलं तरी जात नाही. आणि छोटा टॅटू असेल तर एक साधं बँडेज लावा, लागलंय म्हणून कुणी फार चौकशीही करत नाही.